फ्रान्चेस्को रोझीचे सिनेमे कसे बघावेत : एका बातमीदाराची पद्धत

फ्रान्चेस्को रोझी या इटालियन दिग्दर्शकाचा सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गोष्ट मध्येच मागे जाते, मध्येच पुढे येते, नायक नेमका कोण ते कळत नाही आणि शेवटी गुन्हेगारही हाती लागत नाही. तक्रार रास्त आहे. पण थोडी तयारी करून, हातात वही घेऊन बसलं तर हेच सिनेमे मनाची पकड घेतात आणि पुढे कित्येक दिवस सोडत नाहीत.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकासाठी महापालिका 'कव्हर' केली. आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि दर वर्षी त्यांना रोझी दाखवते. चित्रपटाच्या अभ्यासक्रमात तो असायलाच हवा, पण माझ्या मते तो बातमीदारीच्या अभ्यासक्रमातही हवा. गुन्हा कोणी केला, एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. हे घडायला कोणाकोणाची संमती लागली, सही कोणाची होती आणि गप्प कोण बसलं, हे तो शोधत राहतो. आणि जे सापडलं नाही, ते सापडल्यासारखं दाखवत नाही. सिनेमा बघताना हे एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी मी वर्गात काय करते ते इथे लिहिते आहे.

आधी माणूस समजून घ्या, पण थोडक्यात

चरित्र वाचण्यात फार वेळ घालवू नका. चार गोष्टी पुरतात. रोझीचा जन्म १५ नोव्हेंबर १९२२चा, नेपल्समधला. शिक्षण कायद्याचं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सैन्य नेपल्समध्ये आल्यावर त्याने तिथल्या रेडिओवर वार्ताहर म्हणून काम केलं. लेखक राफाएले ला काप्रिया हा त्याचा त्या काळापासूनचा मित्र, पुढे पटकथांमधला जोडीदार. १९४८मध्ये दिग्दर्शक लुकिनो विस्कोन्तीने सिसिलीतल्या आची त्रेत्सा या गावात खऱ्या कोळ्यांना घेऊन, त्यांच्याच बोलीत 'ला तेर्रा त्रेमा' केला, तेव्हा रोझी त्याचा सहायक होता. कालच्या शॉटमध्ये कोणाच्या हातात काय होतं, दोर कुठे पडला होता, उजेड कुठून येत होता, अशा तपशिलांच्या वह्या ठेवणं हे त्याच्या कामात मोडत होतं.

वकिलीचं शिक्षण, रेडिओची वार्ताहरी आणि तपशिलांची वही. पुढच्या सगळ्या सिनेमांत हे तिन्ही दिसतं. पंचनाम्याची भाषा त्याला कळते, साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा ते कळतं आणि खोलीत टेबल कुठे होतं हे तो विसरत नाही.

सुरुवात 'ले मानी सुल्ला चित्ता'पासून करा

अनेक जण कालक्रमानुसार जातात आणि १९५८च्या 'ला स्फीदा'पासून सुरुवात करतात. नेपल्सच्या भाजीबाजारावर गुंडटोळीचा कब्जा कसा असतो, याची ती गोष्ट. चांगली आहे, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तिला परीक्षकांचं विशेष पारितोषिकही मिळालं; पण खरा रोझी अजून त्यात यायचा आहे. तुम्ही १९६३च्या 'ले मानी सुल्ला चित्ता'पासून सुरू करा. नावाचा अर्थ, शहरावर पडलेले हात. लांबी पावणेदोन तासांच्या आत. गोष्ट सरळ पुढे जाते आणि विषय आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

आधी एवढं माहीत असू द्या. १९५०च्या दशकात नेपल्सचा महापौर होता आकिल्ले लाउरो. जहाजांचा मालक, राजेशाहीवादी पक्षाचा पुढारी, शहराच्या फुटबॉल क्लबचाही मालक. त्या वर्षांत नेपल्सच्या टेकड्यांवर दिसेल तिथे इमारती उभ्या राहिल्या. सिनेमात त्याचं नाव घेतलेलं नाही. पण शहराला ते सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच प्रसंगात एदुआर्दो नोत्तोला, बिल्डर आणि सत्ताधारी उजव्या पक्षाचाच नगरसेवक, मोकळ्या जमिनीवर उभा राहून आपल्या लोकांना हिशेब समजावतो: आज ही शेतजमीन मातीमोल आहे, उद्या पालिकेने रस्ता, पाणी, वीज इकडे आणली की पाच हजार टक्के नफा. ही भूमिका अमेरिकन नट रॉड स्टायगरने केली आहे. (त्याचे ओठ आणि इटालियन शब्द नीट जुळत नाहीत. तुमच्या प्रतीत दोष आहे असं समजू नका. तेव्हा इटलीत आवाज सर्रास नंतर भरत.) लगेच पुढे, नोत्तोलाचं काम चालू असताना शेजारची जुनी इमारत कोसळते. माणसं मरतात, एका लहान मुलाचे पाय जातात. महापालिकेच्या सभेत गदारोळ होतो आणि चौकशी समिती नेमली जाते.

इथून वही उघडा. समिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. प्रत्येक ठिकाणी अधिकारी फाईल काढतात, कलम दाखवतात, तारीख दाखवतात. आमच्याकडचं सगळं नियमानुसार आहे, तुम्ही विचारताय तो मुद्दा आमच्याकडे येत नाही. पुढचं खातं, पुढची फाईल. मी वर्गात सिनेमा इथे थांबवते आणि विचारते, या प्रसंगात खोटं कोण बोललं? मुलं पटकन नावं घेतात. मग म्हणते, चला, परत बघू. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर वर्ग शांत होतो, कारण ठामपणे कोणाचं नाव घेता येत नाही. प्रत्येक कागद आपल्या जागी बरोबर आहे. इमारत तरीही पडली आहे, माणसं तरीही मेली आहेत. महापालिकेच्या बातम्या करणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण ओळखीचा असतो. 'परवानगी होती का?' एवढंच विचारून परत आलो तर बातमी तिथेच मरते. परवानगी देणारा नियम बदलला कधी, बदलण्याचा ठराव कोणी मांडला आणि त्या दिवशी बाजूने हात कोणी वर केले, हे पुढचे प्रश्न आहेत. हा सिनेमा त्या प्रश्नांच्या मागे मागे जातो.

हातांकडे लक्ष ठेवाच. सभेत विरोधक आरोप करतात तेव्हा सत्ताधारी बाकांवरचे नगरसेवक दोन्ही हात वर करून ओरडतात, आमचे हात स्वच्छ आहेत. तो समोरून घेतलेला शॉट एकदा तरी थांबवून बघा. एकेक चेहरा बघण्यासारखा आहे. विरोधी नगरसेवक दे वीताचं काम करणारा कार्लो फेर्मारिएल्लो नट नव्हता. तो खरोखरच नेपल्समधला कम्युनिस्ट नगरसेवक आणि कामगार चळवळीतला कार्यकर्ता होता. सभागृहात उठून बोलायचं कसं, आवाज कुठे चढवायचा, कागद कसा उंच धरायचा, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. स्टायगरसारखा कसलेला नट समोर असूनही तो कुठे कमी पडत नाही.

दुसरी नोंद करायची ती मध्यममार्गी पक्षाच्या दे आन्जेलीची. साल्वो रान्दोने या थोर नटाने त्याला अतिशय सौम्य ठेवलं आहे. अपंग झालेल्या मुलाला पाहून अस्वस्थ झालेला पक्षाचाच एक डॉक्टर नगरसेवक त्याच्याकडे येतो. दे आन्जेली आवाज न चढवता त्याला समजावतो की राजकारणात नैतिक संतापाचा उपयोग नसतो. तिथे गंभीर पाप एकच, ते म्हणजे हरणं. नोत्तोला तोवर उजव्यांना सोडून आपल्या माणसांसकट याच दे आन्जेलीच्या पक्षाकडे वळलेला असतो आणि त्याला बांधकाम खातं हवं असतं. ते मिळतं की नाही, हे इथे सांगत नाही. शेवटचा भूमिपूजनाचा समारंभ मात्र घाईने बंद करू नका. त्यानंतर पडद्यावर येणारी पाटी वाचा: पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, त्यांना जन्म देणारं सामाजिक वास्तव खरं आहे. एरवी असल्या पाट्या वकिलांच्या सल्ल्याने टाकतात. इथे त्या पाटीत दिग्दर्शकाची सगळी भूमिका आहे.

या सिनेमाला व्हेनिसचा सुवर्ण सिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं.

'साल्वातोरे जुलियानो' : चार चिठ्ठ्या समोर ठेवा

हा आधीचा, १९६२चा. बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळवणारा. मी तो दुसऱ्या क्रमांकावर दाखवते कारण तो अवघड आहे, आणि माझ्या मते रोझीचं सर्वांत मोठं काम हेच. बसण्याआधी चार चिठ्ठ्या करा.

पहिलीवर लिहा १९४५. युद्ध संपत असताना सिसिलीला इटलीपासून वेगळं करू पाहणाऱ्या फुटीरतावाद्यांनी मोन्तेलेप्रे गावच्या जुलियानो नावाच्या तरुण दरोडेखोराला हाताशी धरलं, आपल्या 'सैन्यात' कर्नल केलं. दुसरीवर १ मे १९४७. पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राच्या माळावर कामगार दिन साजरा करायला जमलेल्या शेतकऱ्यांवर डोंगरातून गोळीबार झाला, ११ माणसं मेली. गोळीबार जुलियानोच्या टोळीचा. हुकूम कोणाचा, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. तिसरीवर ५ जुलै १९५०. कास्तेलवेत्रानोमधल्या एका घराच्या अंगणात जुलियानोचा मृतदेह सापडला. चौथीवर वितेर्बो शहरात जुलियानोच्या टोळीवर चाललेला खटला आणि फेब्रुवारी १९५४. जुलियानोचा उजवा हात गास्पारे पिशोत्ता पालेर्मोच्या तुरुंगात स्ट्रिकनीनच्या विषाने मेला.

सिनेमा या चार काळांत सारखा ये-जा करतो आणि तारखेची पाटी दर वेळी टाकत नाही. प्रसंग बदलला की चिठ्ठीवर बोट ठेवा. ऐकायला पोरकट वाटेल, पण पहिल्या अर्ध्या तासात गोंधळलेली मुलं या उपायाने सावरतात, आणि तासाभराने त्यांना चिठ्ठ्यांची गरज उरत नाही.

आता सुरुवातीचं अंगण. वरून कॅमेरा, खाली पालथा पडलेला माणूस. एक अधिकारी पंचनामा सांगतो आहे, दुसरा लिहून घेतो आहे: देहाची स्थिती, अंगावरचे कपडे, जवळची हत्यारं. आजूबाजूला पोलीस, बातमीदार, छायाचित्रकार. सरकारी सांगणं असं, की पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मेला. त्या वेळी 'लेउरोपेओ' साप्ताहिकाचा बातमीदार तोमाझो बेझोत्सी तिथे गेला. रक्ताचे डाग आणि देहाची स्थिती एकमेकांशी जुळत नाही, हे त्याने ताडलं, शेजाऱ्यांना विचारलं आणि सरकारी हकिगत पार उसवून टाकली. त्याच्या लेखाच्या मथळ्याचा आशय होता: नक्की एवढंच, की तो मेला आहे. माझ्या वर्गात हा मथळा फळ्यावर लिहिलेला असतो. खात्री जेवढी तेवढंच लिहायचं, आणि तेवढं मात्र न डगमगता लिहायचं.

रोझीने संपूर्ण सिनेमा त्या मथळ्याच्या शिस्तीत केला आहे. ज्याच्या नावाचा सिनेमा, त्या जुलियानोचा चेहरा नीट दिसतो तो मेल्यावर. जिवंतपणी तो लांबवर, डोंगरउतारावर, फिकट कोटातली एक आकृती. विद्यार्थी विचारतात, नायक का नाही दाखवला? उत्तर बघता बघता मिळतं. तो दाखवला असता तर आपण त्याच्या शौर्यात नाहीतर क्रौर्यात अडकलो असतो, आणि त्याला वापरणारे हात नजरेआड झाले असते. दिग्दर्शक आणि दरोडेखोर यांच्या जन्मात एका दिवसाचं अंतर आहे. जुलियानो १६ नोव्हेंबर १९२२चा. मेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

दोन जागा आवर्जून परत बघाव्यात. सैनिक मोन्तेलेप्रेतल्या पुरुषांना धरून नेतात आणि काळ्या कपड्यांतल्या बायका गल्लीतून आरडाओरडा करत चौकाकडे धावतात, ती एक. छायालेखक जान्नी दी वेनान्झोने उन्हाने पांढऱ्या पडलेल्या भिंतींवर तो काळा लोंढा असा पकडला आहे की संवादाची गरज राहत नाही. दुसरी जागा वितेर्बोच्या कोर्टातली, पिशोत्ताच्या जबानीची. आम्ही एकच देह आहोत, दरोडेखोर, पोलीस आणि माफिया, पिता-पुत्र-पवित्र आत्म्यासारखे, असं पिशोत्ताने त्या खटल्यात खरोखर म्हटलं होतं. व्यावसायिक नट दोनच : पिशोत्ताच्या भूमिकेत फ्रँक वुल्फ आणि न्यायाधीशाच्या भूमिकेत रान्दोने. बाकीची बहुतेक माणसं त्याच मुलखातली. घटना घडल्या त्याच जागी, पंधरा-सोळा वर्षांच्या आत, तिथल्याच लोकांसमोर कॅमेरा लावायला काय छाती लागली असेल याचा विचार करा.

सिनेमा आला त्याच वर्षी, १९६२च्या डिसेंबरमध्ये, इटलीच्या संसदेने माफियाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. तो सिनेमामुळे झाला असं मी मुलांना सांगत नाही. मागणी जुनी होती, त्यासाठी लढणारी माणसंही होती. सिनेमाने त्या मागणीला देशभरचे प्रेक्षक दिले, एवढं मात्र म्हणता येतं.

'इल कासो मात्तेई' : तीन रकान्यांची वही

१९७२चा. कान महोत्सवाचं त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमाला आणि एलिओ पेत्रीच्या 'ला क्लासे ओपेराया वा इन पारादीझो'ला विभागून मिळालं. दोन्हींत प्रमुख भूमिकेत जान मारिया वोलोन्ते. रोझीच्या पाच सिनेमांत तो आहे, आणि या नटासाठी वेगळा लेख लिहावा अशी त्याची योग्यता आहे.

एन्रिको मात्तेईकडे १९४५मध्ये आजिप ही सरकारी तेल कंपनी गुंडाळण्याचं काम सोपवलं होतं. त्याने ती गुंडाळली नाही. पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू मिळाला, १९५३मध्ये एनी हा राष्ट्रीय उद्योग उभा राहिला आणि मात्तेई बड्या तेल कंपन्यांना थेट भिडला. 'सात बहिणी' हे त्या कंपन्यांचं नाव त्यानेच रूढ केलं. तेल ज्या देशातलं त्याला नफ्यात निम्मा वाटा देण्याची पद्धत असताना त्याने इराणला पंचाहत्तर टक्के देऊ केले. २७ ऑक्टोबर १९६२ला सिसिलीतल्या कातानियाहून मिलानला येताना त्याचं छोटं विमान पावियाजवळच्या बास्कापे इथे कोसळलं. मात्तेई, वैमानिक आणि 'टाइम'चा एक अमेरिकन पत्रकार, तिघेही गेले.

बघण्याआधी वहीच्या पानावर तीन रकाने आखा : सिद्ध, शक्य, नुसती कुजबुज. सिनेमात मुलाखती आहेत, जुन्या भाषणांची पुनर्निर्मिती आहे, दूरचित्रवाणीचे पडदे आहेत, आणि खुद्द रोझी शोध घेताना दिसतो. प्रत्येक माहिती कोणाच्या तोंडून येते ते बघून तिला रकाना द्या. हे काम सोपं नाही. वोलोन्तेचा मात्तेई इतका जिवंत आहे की त्याने सांगितलेलं सगळं पहिल्या रकान्यात टाकावंसं वाटतं. मांजरीच्या पिल्लाची गोष्ट तो सांगतो तेव्हा विशेष जपा. शिकारीहून आलेले मोठे कुत्रे भांड्यातलं खातायत, भुकेलं पिल्लू भीत भीत जवळ जातं, एक कुत्रा फटका मारतो आणि पिल्लाचं कंबरडं मोडतं. आपला देश ते पिल्लू होता, असं मात्तेई म्हणतो. खऱ्या मात्तेईनेही ही गोष्ट दूरचित्रवाणीवर सांगितली होती. गोष्ट प्रभावी आहे आणि ती एका अत्यंत सत्ताशाली माणसाच्या तोंडी आहे. दोन्ही नोंदवा. तो पक्षांना पैसे पुरवत होता, भाड्याची टॅक्सी वापरावी तसे पक्ष वापरतो असं स्वतःच सांगत होता, हेही त्याच पानावर यायला हवं.

या सिनेमाचा एक भाग पडद्याबाहेर घडला, आणि तो मी दर वर्षी सिनेमा सुरू होण्याआधी सांगते. मात्तेईच्या सिसिलीतल्या शेवटच्या दोन दिवसांची माहिती गोळा करण्याचं काम रोझीने मौरो दे मौरो या पालेर्मोच्या 'लोरा' दैनिकाच्या बातमीदाराला दिलं होतं. कोणाला भेटला, कुठे जेवला, कोणाशी बोलला, निघण्याची वेळ कोणाला माहीत होती. आपल्यापैकी कोणीही करेल असं काम. १६ सप्टेंबर १९७०च्या संध्याकाळी दे मौरोला घरासमोरून पळवून नेलं. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. रोझीने त्याचं नाहीसं होणंही सिनेमात घेतलं. पुढे १९९०च्या दशकात पावियाच्या सरकारी वकिलांनी विमानाचं प्रकरण पुन्हा उघडलं आणि विमानात स्फोटक होतं या निष्कर्षाला ते आले. करणारे अज्ञातच राहिले. दे मौरोच्या खुनाच्या खटल्यात माफियाप्रमुख तोतो रीना २०११मध्ये निर्दोष सुटला.

मग आपले तीन रकाने परत काढा. १९७२मध्ये 'शक्य'मध्ये लिहिलं असतं असं काय काय आता पहिल्या रकान्याकडे सरकतं, आणि काय अजूनही तिथेच आहे? या चर्चेला पुरेसा वेळ ठेवा. सिनेमा दोन तासांच्या आत संपतो. माझ्या वर्गात बोलणं कधी कधी त्याहून लांबतं.

पुढचे दोन, वेगळ्या वेगाचे

'कादावेरी एच्चेलेन्ती' (१९७६) ही लेओनार्दो शाशाच्या कादंबरीवरून केलेली गोष्ट. एकामागून एक न्यायाधीश मारले जातात आणि एक शांत, हट्टी इन्स्पेक्टर तपासाला लागतो. हा इन्स्पेक्टर लिनो व्हेंचुराने केला आहे. सुरुवात पालेर्मोच्या कापुचिन तळघरात, शतकानुशतकं जपून ठेवलेल्या वाळक्या मृतदेहांच्या रांगांमधून एक म्हातारा न्यायाधीश चालतो आहे. आधी इटलीतल्या त्या वर्षांबद्दल थोडं वाचा. डिसेंबर १९६९मध्ये मिलानच्या प्यात्सा फोन्तानातल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला, १७ माणसं मेली आणि तपास कित्येक वर्षं भलतीकडेच भरकटत राहिला. ही पार्श्वभूमी नसेल तर सिनेमातला संशय अतिरेकी वाटेल. सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष (मॅक्स फॉन सीडो) इन्स्पेक्टरला सांगतो की न्यायदानात चूक असूच शकत नाही. धर्मगुरूने विधी केला की भाकरीचा देह होतोच, तसा न्यायाधीशाने दिला की तो न्याय असतोच. हा प्रसंग मी कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही दाखवते. शेवटचं वाक्य चुकवू नका: सत्य नेहमीच क्रांतिकारक नसतं. ते कोण म्हणतं आणि का म्हणतं, यावर डाव्या विचारांच्या मित्रांशी वाद घालायला पुष्कळ जागा आहे. रोझी स्वतः डावीकडचा, तरी त्याने त्या वाक्यात आपल्या बाजूलाही सोडलं नाही.

'क्रिस्तो सी ए फेर्मातो आ एबोली' (१९७९) मात्र घाईत बघू नका. फॅसिस्ट राजवटीने १९३५मध्ये तुरीनच्या कार्लो लेवीला, शिक्षणाने डॉक्टर आणि पेशाने चित्रकार असलेल्या माणसाला, दक्षिणेतल्या लुकानियाच्या डोंगरातल्या गावी हद्दपार केलं. त्याच्या आठवणींच्या पुस्तकावरून हा सिनेमा केला. दूरचित्रवाणीसाठीची चार भागांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. साडेतीन तासांहून थोडी जास्त आहे. एका बैठकीत न बघता चार संध्याकाळी बघा. तुकड्यातुकड्याने बघितल्यावर लेवीला तिथे कसे दिवस काढावे लागले ते अंगात मुरतं. इथे तपास नाही, खून नाही. वोलोन्ते बहुतांश ऐकतो. शेतकरी त्याच्याकडे औषधासाठी येतात, अमेरिकेहून परतलेले लोक भेटतात, गावचा प्रमुख त्याची पत्रं वाचतो. इथिओपियावरच्या विजयाचं मुसोलिनीचं भाषण गावात घुमतं आणि कॅमेरा शेतात राबणाऱ्या माणसांकडे बघत राहतो. त्या घोषणांचा आणि त्या नांगरांचा संबंध काय, हा प्रश्न कोणी उच्चारत नाही. वहीत फक्त एक गोष्ट टिपा, राज्यसत्ता त्या गावात कोणकोणत्या रूपात पोचते : कर, पोलीस, पत्रांची तपासणी, रेडिओ. दवाखाना त्या यादीत येतो का ते बघा.

(या पुस्तकातलं आणि सिनेमातलं गाव 'गालियानो' म्हणजे लुकानियातलं आलियानो. 'इल कासो मात्तेई'मध्ये मात्तेई भाषण करतो ते गालियानो सिसिलीतलं. लागोपाठ बघणाऱ्यांची इथे गल्लत होते.)

बाकीच्यांतून तुमच्या आवडीनुसार निवडा. पहिल्या महायुद्धातल्या सेनापतींचा मूर्खपणा बघायचा असेल तर 'उओमिनी कोन्त्रो' (१९७०). घर आणि राजकारण एकत्र हवं असेल तर 'त्रे फ्रातेल्ली' (१९८१) : आई गेल्यावर पुलियातल्या गावी परतलेले तीन भाऊ, एक न्यायाधीश, एक शिक्षक, एक कारखान्यातला कामगार. मला तो फार जवळचा वाटतो. 'कार्मेन' (१९८४) ऑपेरा आवडणाऱ्यांसाठी. नाझी छळछावणीतून वाचलेला लेखक प्रीमो लेवी याच्यावरचा 'ला त्रेग्वा' (१९९७) शेवटचा. तो करताना रोझीचा अनेक वर्षांचा छायालेखक पास्क्वालीनो दे सान्तिस वारला. त्यानंतर रोझी नाटकाकडे वळला, नेपल्सच्याच एदुआर्दो दे फिलिप्पोची नाटकं बसवली. १० जानेवारी २०१५ला, ९२व्या वर्षी, रोममध्ये त्याचं निधन झालं.

चारचौघांत दाखवणार असाल तर

मोबाईलवर बघायला सांगू नका. महापालिकेच्या सभेत एका शॉटमध्ये पन्नास माणसं असतात आणि गोष्ट मागच्या बाकावरच्या कुजबुजीत घडते. रिस्टोर केलेली प्रत शोधा. 'जुलियानो'चं उन आणि सावली खराब प्रतीत पार राखाडी होऊन जाते. सबटायटल्स आधी तपासा. पांढऱ्या आकाशावर पांढरी अक्षरं आली की शेवटच्या रांगेतले लोक दहा मिनिटांत बघणं सोडतात. अक्षरांना काळी कड देता येते, ती द्या आणि पडदा जरा उंच लावा. खोलीत पूर्ण अंधार करू नका, लोकांना वहीत लिहायचं आहे.

सुरुवातीला पाच मिनिटांहून जास्त बोलू नका. माणसांची नावं आणि पक्ष फळ्यावर लिहून ठेवा म्हणजे सिनेमा चालू असताना कोणी शेजाऱ्याला विचारत बसत नाही. एकदाच थांबवा, कुठे थांबवायचं ते आधी ठरवा. आणि संपल्यावर 'सिनेमा कसा वाटला?' असं विचारू नका, त्याने गप्पा अभिनयावर आणि संगीतावर जातात. (पिएरो पिच्चोनीचं संगीत उत्तम आहे, त्यावर वेगळी संध्याकाळ करा.) सुरुवात अशा प्रश्नाने करा ज्याचं उत्तर वहीत बघूनच देता येईल: हा निर्णय कोणत्या टेबलावर झाला? त्या खोलीत कोण होतं? नाही म्हणण्याची संधी कोणाला होती?

पत्रकारितेच्या मुलांना मी 'ले मानी'नंतर एक गृहपाठ देते, तो कोणालाही करता येईल. आपल्या गावच्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या एका सभेला जाऊन प्रेक्षकांत बसा. एकच विषय धरा, शक्यतो जमिनीचं आरक्षण बदलण्याचा. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, विरोध कोणी केला, उपसूचना आली का, विषय किती मिनिटांत मंजूर झाला, हे लिहून आणा. मत लिहू नका, विशेषणं लिहू नका. मग महिन्याभराने त्या सभेचं इतिवृत्त मिळवा आणि आपल्या नोंदींशी ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला, तर तुमची पहिली बातमी तिथून सुरू होते.